घोड्याच्या पाठीवरचं घर

सांगलीच्या विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये अंजनाबाई राहायला आल्या तेव्हा घरात चार माणसं होती. त्या, मुलगा बिरदेव, सून प्रांजल आणि अजून शाळेत न जाणारी एक नात. मग बिरदेवची बँकेतून नागपूरला बदली झाली. निघायच्या आधी तो म्हणाला, "आई, तू पण चल की." आणि त्याच दमात म्हणाला, "पण तिथं दोनच खोल्या आहेत, आणि हा फ्लॅट बंद ठेवणं काही बरं नाही." त्यातलं कुठलं बोलणं धरायचं, हे अंजनाबाईंना सांगावं लागलं नाही. जत तालुक्यातल्या गावी आता दीर-जावांचा संसार होता आणि नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या तिसऱ्या मजल्यावर राहिल्या.

दूधवाला पिशवी दाराला अडकवून जायचा. भाजीवाली खालूनच ओरडायची. कधी कधी दिवसभर तोंडातून शब्द निघत नसे. मग संध्याकाळी बिरदेवचा फोन आला की पहिला शब्द घोगरा निघायचा, आणि तो विचारायचा, "बरं नाही का तुला?" म्हणून फोनची वेळ झाली की त्या आधीच घसा खाकरून ठेवायच्या. एकट्याच मोठ्यानं एखाद-दुसरा शब्द बोलून बघायच्या.

त्यांच्या गॅलरीच्या कठड्यावर वाळत घातलेली जुन्या लुगड्यांची वाकळ क्रांतीनं खालून पाहिली. क्रांती तळमजल्यावर शिवणाचे क्लास चालवायची. पन्नाशीची, मोठ्या आवाजाची बाई. ती जिना चढून वर आली.

"ही तुम्ही शिवलीय?"

"व्हय. गावाकडं असताना."

"मग गुरुवारी दुपारी खाली या. आम्ही चौघी-पाचजणी बसतो. गप्पा कमी आणि टाके जास्त, असं ठरवलंय. होतं मात्र उलटंच."

अंजनाबाई गेल्या. मशिनी भिंतीला सरकवून मध्ये सतरंजी टाकली होती. कापडांच्या तुकड्यांचा ढीग, चहाचा थर्मास, आणि ढिगाभोवती बसलेल्या बाया. त्या सगळ्यांनी मिळून नवीनच काहीतरी काढलं होतं. हातभर लांबी-रुंदीच्या, भिंतीवर टांगायच्या छोट्या गोधड्या करायच्या, आणि प्रत्येकीच्या गोधडीवर एक घर.

"पण शहाण्यासारखं घर चालणार नाही," क्रांती म्हणाली. "चार भिंती, कौलं, दोन खिडक्या असलं ड्रॉइंगच्या वहीतलं नको. मनातलं पाहिजे. वेडंवाकडं."

कॉलेजात नोकरी करणारी अंकिता चहाच्या किटलीतलं घर करत होती. झाकण म्हणजे छप्पर आणि तोटीतून धूर. क्रांतीच्या घराला खिडक्याच खिडक्या होत्या आणि प्रत्येक खिडकीत एक मांजर. साठी ओलांडलेल्या मंगलताईंनी तर उसाच्या शेंड्यावर घर बांधलं होतं. उसाची पेरं म्हणजे जिना, आणि वर पाचटाच्या झुलत्या खोलीत एक बाई वेणी घालत बसलेली.

"माझं माहेर आष्ट्याचं," मंगलताई म्हणाल्या. "लहानपणी ऊस एवढा उंच दिसायचा की वाटायचं, वर कोणतरी राहत असंल."

अंजनाबाईंनी आपल्यासाठी एक मांजरपाटाचा चौकोन कापून घेतला. त्या आठवड्यात त्यांनी त्यावर काहीच केलं नाही. पुढच्या गुरुवारीही तो कोरा चौकोन घेऊन बसल्या आणि अंकिताला धागे ओवून देत राहिल्या.

"अंजनाबाई, घर कुठं आहे तुमचं?" क्रांतीनं हसत विचारलं.

"सुचंना झालंय."

"अहो, लहानपणी राहत होता तेच करा की. थोडं वाकवा, झालं."

"लहानपणी घर न्हवतं," अंजनाबाई म्हणाल्या. सगळ्या एकदम गप्प झाल्या, तेव्हा त्यांना वाटलं, आपण भलतंच वाईट बोलून गेलो. म्हणून त्या सांगू लागल्या. "तसं न्हवं. आमची मेंढरं हुती. गावाकडं एक खोली हुती, पर तिथं पावसाळ्याचंच राहायचं. दिवाळी झाली की वाडा हलवायचा. वाडा म्हंजे आमच्या चार घरांची मेंढरं, माणसं, कुत्री, समदं. ज्याच्या रानात खत पायजे त्याच्या रानात मेंढरं बसवायची, त्यानं धान्य द्यायचं, की फुडं. भांडी, वाकळा, कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू, समदं घोड्याच्या पाठीवर बांधायचं. मी बारकी असताना मलाबी वरच बसवायचे."

"मग तेच घर!" अंकिता म्हणाली. "घोड्याच्या पाठीवरचं घर."

अंजनाबाईंना ते पटलं. त्या रात्री जेवायचं उशिरा झालं, कारण त्या घोडं कापत बसल्या होत्या. तपकिरी इरकलीचं घोडं झालं. पाय आखूड झाले, पोट फार मोठं झालं, पण चेहरा मात्र जसा पाहिजे तसाच, थोडा वैतागलेला आला. पाठीवर उतरंडीसारखी भांडी, त्यावर घडी घातलेल्या वाकळा, त्यावर कोंबडीचं खुराडं आणि सगळ्याच्या वर लाल कौलांचं छोटंसं छप्पर. छप्पर खरं नव्हतं. पण घर म्हटल्यावर ते पाहिजे, असं त्यांना वाटलं.

ती गोधडी पाहून बाया पोट धरधरून हसल्या. मंगलताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी सुई ठेवली आणि गोधडी जवळ ओढून घेतली.

"आमच्या रानात उतरायचा असा वाडा," त्या म्हणाल्या. "सोयाबीन न्हवतं तवा, भुईमूग निघाला की. माझ्याच वयाची एक पोरगी हुती त्यात. आमी दोघी दिवसभर बांधावर असायचो. आई मारायची मला, घर सोडून तिकडं जाती म्हणून. एकदा थंडी लय पडली हुती, तर मी माझा निळा फ्रॉक काढून तिला दिला. आईचा त्यासाठी मार खाल्ला. मग माझं लगीन झालं. भाऊबीजेला भाऊच सांगलीला येतो, त्यामुळं दिवाळीनंतर आष्ट्याला जाणं कवा झालंच न्हाई. नावबी इसरले बघा तिचं." बोलता बोलता त्यांनी अंजनाबाईंकडं नीट पाहिलं. "तुमचा वाडा आष्ट्याला यायचा का हो?"

अंजनाबाईंच्या बापाचा वाडा विट्यावरून कराडला जायचा, कोयना ओलांडून पाटणकडं. आष्टा त्यांनी एस.टी.च्या पाटीवर तेवढं वाचलं होतं.

पण मंगलताईंचा चेहरा उजळला होता. इतक्या आशेनं आपल्याकडं कुणी बघितल्याला किती काळ लोटला, हे अंजनाबाईंना आठवेना. सगळ्यांच्या सुया थांबल्या होत्या.

"यायचा की," त्या म्हणाल्या.

"आणि निळा फ्रॉक?"

"आठवतोय की."

मंगलताईंनी सतरंजीवर सरकत येऊन त्यांना मिठीच मारली. क्रांतीनं डोळे पुसले. अंकितानं फोटो काढला. अंजनाबाईंना वाटलं, आता पुढच्या क्षणी खरं सांगावं. पण पुढचा क्षण आला तो चहा घेऊन, आणि तो गेला.

त्यानंतर मंगलताई त्यांच्या घरी येऊ लागल्या. कधी डब्यात धपाटी, कधी वरण्याच्या दाण्यांची आमटी. त्यांच्या घरी मुलगा-सून, नातवंडं सगळी होती, पण दुपारी ज्याचा त्याचा मोबाइल आणि ज्याची त्याची खोली. "आमच्यात जुनं काय सांगाय गेलं की पोरं म्हणतात, आजी, हे झालंय सांगून," त्या म्हणायच्या. अंजनाबाईंना त्या सगळं सांगायच्या. बांधावरची बोरं, विहिरीतलं कासव, पायात काटा मोडला तेव्हा कुणी कुणाचा काढला. मध्येच विचारायच्या, "हाय का ध्यानात?" आणि अंजनाबाई म्हणायच्या, "हाय की."

आता अंजनाबाईंना घसा खाकरून ठेवावा लागत नव्हता. पण मंगलताई जिना उतरून गेल्या की घर आधीपेक्षा रिकामं वाटायचं. कारण त्या येत होत्या त्या दुसऱ्याच कुणाकडं तरी. ती बाई इथं राहत नव्हती. अंजनाबाई फक्त तिच्या वतीनं दार उघडत होत्या.

एके दिवशी मंगलताई नातवाच्या जुन्या गणवेशाचा निळा तुकडा घेऊन आल्या.

"तुझ्या घोड्याशेजारी मी एक पोरगी लावणार," त्या म्हणाल्या. आता त्या अंजनाबाईंना अगं-तुगं करत होत्या. "तूच. निळ्या फ्रॉकात."

"नगं आक्का. गर्दी हुईल."

"कशाची गर्दी? घोड्याचा लगाम धरून कोण चाललंय, ते नगं का दिसाय?"

त्यांनी ती पोरगी टाचली. दोन वेण्या, अनवाणी पाय, अंगात निळा फ्रॉक. अंजनाबाई गोधडी ताणून धरून बसल्या होत्या. सुई कापडातून आरपार जाताना बोटांना कळत होती. पोरगी फार छान झाली. अख्ख्या गोधडीत तीच तेवढी खरी वाटत होती.

दिवाळीनंतरच्या गुरुवारी छोट्या गोधड्यांना अस्तर लावायचं काम चाललं होतं. मंगलताई म्हणाल्या, "अंजे, आता तुला आष्ट्याला नेणार. नानाला सांगते." नानासो त्यांचा धाकटा भाऊ. अंजनाबाई म्हणाल्या, "गुडघं दुखत्यात आक्का, नंतर बघू." पण तोवर मंगलताईंनी फोन लावून सतरंजीवर ठेवलाही होता, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"नाना, वळीख बघू कोण सापडलंय ते! आपल्या रानातली धनगराची पोरगी. निळ्या फ्रॉकची."

"कोण, बनी?" नानासोंचा आवाज आला. "सापडायला हरवलीय कवा ती? दरसाली येती की आक्का. आत्ता परवाच उतरलाय त्यांचा वाडा, वरच्या रानात, महिनाभर हाय आता. तू येतीस गौरीला, तवा ती गावाकडं असती. कुठं भेटली तुला?"

 "हॅलो, हॅलो," असं दोन-तीनदा होऊन फोन बंद झाला.

क्रांती म्हणाली, "मी चहा बघते." थर्मास तिच्या समोरच होता, तरी ती आत गेली.

"मग तुमी?" मंगलताईंनी विचारलं. अगं-तुगं गेलं होतं.

"आमचा वाडा आष्ट्याला कवा उतरलाच न्हाई. आमी कराडकडं जायचो."

"मग व्हय का म्हणलासा?"

अंजनाबाईंनी सुई कापडाला खोचून ठेवली. "तुमी पन्नास वर्सं कुणालातरी मनात धरून हुता," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मलाबी धरलं असंल कुणीतरी."

एवढं बोलून त्या उठल्या. गोधडी तिथंच राहिली. जिना चढताना त्यांना खालचं कुजबुजणं ऐकू आलं, पण शब्द लागले नाहीत.

नंतरचे दोन गुरुवार त्या खाली गेल्या नाहीत. अंकिता एकदा दारात येऊन गेली, "काकू, राग कुणाच्याच मनात नाही," असं म्हणाली. अंजनाबाईंनी तिला पाणी दिलं आणि मान हलवली. क्रांतीचा मोठा आवाज खालून ऐकू यायचा, मग हसणं, मग मशिनीचा आवाज. अशा वेळी अंजनाबाई गॅलरीचं दार लावून घ्यायच्या.

मंगलताई आल्या त्या एका सकाळी, न सांगता. हातात गोधडी होती. आत येऊन त्या पलंगाच्या कडेला बसल्या.

"उसवायला बसले हुते हिला," निळ्या पोरीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या. "कात्री लावली, पर पहिला टाका तोडवंना. लय राग आला हुता तुमचा. अजून हाय थोडा. मी घरातलं सोडून तुमच्याकडं येत हुते. सुनेला म्हणायचे, माझी लहानपणची मैत्रीण हाय."

"खरं हाय तुमचं."

"आता हिचं काय करायचं सांगा. घोडं तुमचं, पोरगी माझी. फाडून तर वाटून घेता येत न्हाई."

अंजनाबाईंनी गोधडी मांडीवर घेतली. अस्तर कुणीतरी पुरं केलं होतं, बहुतेक क्रांतीनं. "बनुबाईला द्या की," त्या म्हणाल्या. "तिचंच हाय दोन्ही. घोडंबी आणि फ्रॉकबी."

मंगलताईंनी गोधडी परत घेऊन तिची घडी घातली. मग म्हणाल्या, "मी एकटी न्हाई जाणार. चला तुमीबी."

दोघी आष्ट्याला गेल्या. गाडीत शेजारी बसल्या, पण बोलल्या कमी. नानासो मोटरसायकल घेऊन स्टँडवर आले होते. त्यांनी एकेकीला वरच्या रानात नेऊन सोडलं. सोयाबीन काढलेल्या मोकळ्या रानात जाळीच्या आत मेंढरं बसली होती. अंजनाबाई बांधावरच थांबल्या. तो वास, ओल्या लोकरीचा आणि लेंड्यांचा, नाकात शिरला तेव्हा त्यांना एकदम बाप आठवला, काठीवर हनुवटी टेकून उभा असलेला. लहानपणी हा वास कितीतरी दिवस अंगाला राहायचा. सासरी आल्यावर सगळ्यात आधी हा वास गेला होता.

बनुबाई चुलीपुढून उठून आली. काळीसावळी, काटक, कपाळावर गोंदण. मंगलताईंना तिनं लगेच ओळखलं नाही. नानासोंनी सांगितल्यावर ती हसली. "मंगल व्हय? आवं, किती जाड झालासा!"

मंगलताईंनी तिचे दोन्ही हात धरले.  "बने, तो निळा फ्रॉक आठवतोय का तुला? थंडीत दिलेला?"

बनुबाईनं खरोखरच आठवून बघितलं. कपाळाला आठ्या पडल्या. "फ्राक? लय जणींनी दिलं हो. जिथं उतरंल तिथं कोणतरी काहीतरी द्यायचंच. निळा म्हणताय... असंल. खोटं कशाला बोलू, न्हाई बा ध्यानात."

मंगलताईंनी हात सोडले नाहीत. त्यांनी वळून अंजनाबाईंकडं पाहिलं. अंजनाबाईंना ती नजर कळली. दुसरं कुणी काही बोलणार नव्हतं, म्हणून त्याच पुढं झाल्या आणि गोधडी बनुबाईच्या हातात दिली.

"मंगलाक्कांनी केलीय तुमच्यासाठी. ही तुमी."

बनुबाईनं गोधडी लांब धरून बघितली आणि तिला हसू फुटलं. "आगं बया, घोड्यावर कौलाचं घर! आता घोडं कुठलं? आमचं घर आता छोट्या हत्तीवर." तिनं रानाच्या कडेला उभ्या असलेल्या टेम्पोकडं बोट दाखवलं. त्यात भांडी, ताडपत्री, खुराडं आणि सौरदिव्याची पाटी रचून बांधली होती.

इतक्यात जाळीपलीकडून कुणीतरी हाक मारली. एक मेंढी व्याली होती. बनुबाई धावली. थोड्या वेळानं परत आली ती ओलं, थरथरतं कोकरू काखेत घेऊन. वारा बोचरा सुटला होता. तिनं इकडंतिकडं बघितलं, गोधडी जमिनीवर अंथरली आणि कोकरू त्यावर ठेवून चारी कोपरे त्याच्या अंगावर ओढले.

"अगं, ती टांगायची हाय!" मंगलताई ओरडल्या. "भिताडाला!"

"कुठल्या भिताडाला?" बनुबाईनं विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

आणि अंजनाबाईंना हसू आलं. ते आवरेचना. पदर तोंडाला लावून त्या बांधावर बसल्या आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मंगलताई आधी रागानं बघत राहिल्या, मग त्यांच्याही तोंडाचा एक कोपरा हलला. पण त्या हसल्या नाहीत.

बनुबाईनं दोघींना काळा चहा दिला. तिला दुपारच्या आत वाडा हलवायचा होता, बोलायला सवड नव्हती. जाताना तिनं अंजनाबाईंना विचारलं, "तुमी कुणाच्यातल्या?" अंजनाबाईंनी बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. बनुबाईनं मान हलवली. तिच्या ओळखीचं नव्हतं.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मंगलताईंनी अंजनाबाईंना दिली. कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी रखडत होती. मंगलताई म्हणाल्या, "एक इचारू? खरं सांगा पर. तुमाला कुठल्या गावात कोणी असं काय दिलं हुतं का? फ्रॉक म्हणा, काय म्हणा?"

अंजनाबाईंनी विचार केला. खोटं आता सहज सुचलं असतं, आणि मंगलताईंना ते चाललंही असतं, असं त्यांना वाटलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "दिल्यालं काय आठवत न्हाई. कराडच्या अलीकडं एका वस्तीवर मी पाणी मागाय गेलते. बाई दारात गहू निवडत हुती. तिनं वर बघितलं आणि परत गहू निवडाय लागली. तेवढं आठवतंय."

 "वाईट झालं" असं मंगलताई म्हणाल्या नाहीत. ट्रॅक्टर वळला तशी गाडी मोकळी झाली आणि वेगानं धावू लागली. मंगलताईंच्या मांडीवर स्वतःची पिशवी होती. त्यांनी अंजनाबाईंच्या पायाशी असलेली पिशवीही उचलून तिच्यावर ठेवली आणि दोन्हींवर हात ठेवून त्या समोर बघत बसल्या.

विश्रामबागेत उतरल्यावर मंगलताईंची वाट डावीकडं होती. "येते," त्या म्हणाल्या. गुरुवारी या, असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि अंजनाबाईंनीही विचारलं नाही. त्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत अंजनाबाई बघत उभ्या राहिल्या.

वर येऊन त्यांनी कुलूप काढलं. दिवा लावला. चपला दाराशी काढून ठेवताना दिसलं, त्यांना रानातली माती लागली होती. ती त्यांनी झटकली नाही. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, दुपारपासून लावतोय. कुठं होतीस?" बिरदेव म्हणाला.

"रानात गेलते. आष्ट्याला."

"आष्ट्याला? कुणाकडं?"

 मैत्रीण हा शब्द अंजनाबाईंच्या ओठांवर आला होता. तो त्यांनी परत आत घेतला.

"हाय एक वळखीची," त्या म्हणाल्या. "तू जेवलास का?"